लिआंग बुआ : १८,००० वर्षं की ६०,०००?

गावाकडे विहीर खणताना जाणती माणसं थर ओळखत खाली उतरतात. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. एका विहिरीला दहा हातांवर लागलेला मुरूम शेजारच्या विहिरीला पंधरा हातांवर लागतो, हे त्यांना ठाऊक असतं. खोली सारखी म्हणून थर सारखा, असं त्यांच्यातलं कुणी म्हणणार नाही.

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, लिआंग बुआ नावाच्या गुहेत, हीच गोष्ट अनुभवी संशोधकांच्या नजरेतून सुटली. कोळसा आणि हाडं जवळजवळ, सारख्याच खोलीवर होती, म्हणून दोन्ही एकाच काळातली धरली गेली. त्यामुळे एका नव्या मानवजातीचं वय २००४ ते २०१६ अशी बारा वर्षं चुकीचं सांगितलं गेलं. पुढे त्याच चमूनं परत खणून आपली चूक स्वतः शोधली आणि जाहीर केली. गुहेतल्या गाळावरून जुनं हवामान आणि जुनी माणसं कशी वाचायची, हे शिकायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. इथे माणसांपेक्षा निर्णयांकडे पाहायचं आहे, म्हणून नावं मोजकीच घेतली आहेत.

पार्श्वभूमी

फ्लोरेस हे बेट मुख्य भूमीला कधीच जोडलेलं नव्हतं. हिमयुगात समुद्र शंभर मीटरांहून जास्त खाली गेला, तेव्हा जावा आशिया खंडाला जोडलं गेलं, पण फ्लोरेसच्या वाटेवरच्या खोल सामुद्रधुनी भरलेल्याच राहिल्या. इथे पोहोचलेला प्रत्येक मोठा प्राणी पाणी ओलांडून आलेला आहे, आणि माणूसही.

बेटाच्या पश्चिम भागात, रुतेंग गावापासून साधारण १४ किलोमीटरवर ही गुहा आहे. मांगराई भाषेत लिआंग बुआ म्हणजे थंड गुहा. ती चुनखडीची असून समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. तोंड रुंद आणि छत उंच असल्यानं आत भरपूर उजेड येतो. वाए राचांग नदी जवळूनच वाहते.

मराठीत ‘लेणी’ आणि ‘गुहा’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थानं वापरले जातात. पण लेणी माणसानं कोरलेली असतात आणि गुहा निसर्गानं घडवलेली. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा असल्यामुळे चुनखडीच्या मोठ्या गुहा आपल्या रोजच्या पाहण्यात नाहीत. चुनखडीच्या गुहेचं वैशिष्ट्य असं की ती साठवण करते. पावसाचं पाणी वरच्या खडकातून झिरपताना चुना विरघळवून घेतं आणि गुहेत थेंबाथेंबानं तो परत सोडतं. छतावरून अधोमुखी आणि जमिनीवरून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ वाढतात, काही ठिकाणी जमिनीवर चुन्याची कडक लादी तयार होते. मधल्या काळात पुराचा गाळ आत येतो, ज्वालामुखीची राख पडते, प्राणी मरतात, माणसं चूल पेटवतात आणि दगड फोडतात. हे सगळं एकावर एक साचतं. चुन्यामुळे मातीचा आम्लपणा कमी राहतो आणि हाडं टिकतात. उष्ण, दमट बेटावर उघड्या रानात पडलेलं हाड काही वर्षांतच नाहीसं होतं.

१९५० च्या सुमारास ही गुहा शाळेसाठी वापरली जात होती. थेओडोर व्हेरहूवेन या डच धर्मगुरूंनी १९६५ मध्ये इथे मोठं उत्खनन केलं. पुढे १९७८ ते १९८९ या काळात इंडोनेशियाचे पुरातत्त्वज्ञ आर. पी. सुयोनो यांनी इथे खणलं. २००१ मध्ये पुरातत्त्वज्ञ माइक मॉरवूड आणि सुयोनो यांच्या पुढाकारानं ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांचा संयुक्त चमू उतरला. आशियातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या आद्य आधुनिक माणसांच्या खुणा त्यांना वाटेत शोधायच्या होत्या. आधीची खोदकामं जिथे थांबली होती त्याखाली जायचं, असं त्यांनी ठरवलं. तेव्हा हा निर्णय धाडसाचा होता, कारण उपयोगाचे थर वरच संपले असं मानायला पुरेसं कारण होतं.

खणण्याची पद्धत शिस्तीची होती. दोन मीटर बाय दोन मीटरचे चौकोन आखायचे आणि एका वेळी दहा सेंटिमीटर माती उतरवायची. खड्डा खोल गेला की भिंती ढासळू नयेत म्हणून लाकडी फळ्यांचे टेकू लावायचे. निघालेली माती आधी गुहेतच हातानं निवडायची, मग पोत्यांत भरून जवळच्या भातखाचरात न्यायची आणि पाण्याखाली बारीक चाळणीतून धुवायची. उंदराचा इवलासा दातसुद्धा त्या चाळणीत अडकायचा. यातलं बरंचसं काम आसपासच्या गावांतली मांगराई माणसं करत. त्यांतल्या अनेकांनी वर्षानुवर्षं खणून हात इतके तयार केले होते की मातीत खुरप्याचा आवाज बदलला तरी ती थांबत.

२००३ च्या हंगामात गुहेच्या पूर्व भिंतीजवळच्या एका चौकोनात, जवळपास सहा मीटर खोलीवर, खुरप्याखाली एक कवटी आली. पाठोपाठ जबडा, मांडीचं हाड आणि पायाची हाडं आली. आधी सगळ्यांना ते लहान मूल वाटलं. पण दात पाहिल्यावर कळलं की अक्कलदाढा आलेल्या आहेत. म्हणजे ही पूर्ण वाढ झालेली व्यक्ती होती, बहुधा स्त्री. उंची एक मीटरच्या आसपास, मेंदू आपल्या मेंदूच्या साधारण एक तृतीयांश.

हाडं दगड बनलेली नव्हती. ती ओल्या टिपकागदासारखी मऊ होती, बोट लागलं तरी ठसा उमटेल अशी. बांबूच्या काड्यांनी भोवतालची माती मोकळी केली गेली. हाडं तशीच उचलली असती तर हातातच विरघळली असती, म्हणून त्यांना आहे तिथेच सुकू दिलं. मग नखांचं पॉलिश काढायच्या द्रवात गोंद मिसळून तो हाडांवर चढवला आणि मातीच्या ढेकळासकट ती बाहेर काढली. अशा दुर्गम ठिकाणी, हाती असलेल्या सामानावर घेतलेला हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. त्या सांगाड्याचा प्रत्येक पुढचा अभ्यास या सबुरीवर उभा आहे.

अडचण

सांगाडा हाती आला. आता पहिला प्रश्न होता तो वयाचा.

नुसती हाडांची ठेवण पाहिली तर ती लाखो वर्षांपूर्वीच्या मानवांसारखी होती. लहान मेंदू, हनुवटीच नाही, लांब पावलं, मनगटाची जुनाट रचना. पण माती मऊ, हाडं मऊ, आणि खोली सहा मीटरच्या आत. ही व्यक्ती किती जुनी आहे यावर सगळा अर्थ अवलंबून होता. ती पाच लाख वर्षांची असती तर एक कहाणी, वीस हजारांची असती तर अगदी वेगळी.

हवामानाचा प्रश्नही याच आकड्याला बांधलेला होता. ज्या काळात ही माणसं जगली आणि संपली, त्या काळी पाऊस किती होता, जंगल होतं की गवताळ रान, नदीला बारमाही पाणी होतं का, हे कळायला आधी काळ कळायला हवा. वय चुकलं की आपण त्या माणसांना भलत्याच पावसाळ्यात उभं करतो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय थेट हाडाचं वय काढण्याचा. त्यासाठी हाडाचा तुकडा तोडावा लागतो. जगात एकच सांगाडा, तोही टिपकागदासारखा, त्यामुळे त्याला हात लावायची तयारी नव्हती. शिवाय उष्ण कटिबंधात हाडातलं प्रथिन लवकर नष्ट होतं, म्हणून हाडावर कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून वय काढायचं तंत्र) चालण्याची आशा कमीच होती.

दुसरा पर्याय सांगाड्याजवळच्या कोळशाचा. हे सोपं, स्वस्त आणि सगळ्यांना मान्य असलेलं तंत्र. पण त्याला दोन मर्यादा आहेत. कार्बन-१४ ची मजल साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच जाते. आणि कोळशाचं वय म्हणजे कोळशाचंच वय. हाड त्याच्याच थरातलं आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

तिसरा पर्याय ल्युमिनेसन्सचा. क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार या खनिजांचे कण शेवटचं ऊन कधी पाहिलं ते एका अर्थानं लक्षात ठेवतात. अंधारात गाडले गेल्यापासून भोवतालच्या किरणोत्साराची ऊर्जा त्यांच्यात साठत जाते आणि प्रयोगशाळेत ती मोजता येते. अडचण अशी की गुहेत येणाऱ्या मातीनं पुरेसं ऊन पाहिलेलं असेलच असं नाही, त्यामुळे आकड्याला मोठी मुभा द्यावी लागते.

चौथा पर्याय थांबण्याचा. सांगाड्याभोवतीचे चौकोन आधी खणायचे, सगळे थर एका गुहाभर पसरलेल्या उभ्या नकाशात जोडायचे, आणि मगच वय सांगायचं. यात आणखी दोनतीन हंगाम गेले असते. पैसे, परवाने, बातमी फुटण्याची भीती, दुसऱ्या कुणी आधी छापण्याची धास्ती, हे सगळं या पर्यायाच्या विरोधात होतं.

काय ठरलं

दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र वापरायचं ठरलं. सांगाड्याजवळच्या कोळशानं सुमारे १८,००० वर्षं हे वय दिलं. ल्युमिनेसन्सनं सुमारे ३८,००० ते १४,००० वर्षं असा पट्टा दिला. कोळशाचा आकडा त्या पट्ट्यात अगदी व्यवस्थित बसला. दोन स्वतंत्र पद्धती एकमेकींना दुजोरा देत आहेत, याहून मोठी खात्री संशोधकाला दुसरी कुठली हवी असते?

२८ ऑक्टोबर २००४ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात होमो फ्लोरेसिएन्सिस ही नवी मानवजात जाहीर झाली. गुहेतले सगळे अवशेष धरून ही माणसं अगदी १२,००० वर्षांपूर्वीपर्यंत इथे होती असं मांडलं गेलं. याचा अर्थ असा होत होता की आधुनिक माणूस या भागात आल्यावरही तीसेक हजार वर्षं ही लहानखुरी माणसं त्याच्याबरोबर टिकून होती. जग थक्क झालं. तेवढाच वादही झाला. हा आजारी आधुनिक माणूस असावा, मेंदू खुंटलेला असावा, असं म्हणणाऱ्यांनी याच आकड्याचा आधार घेतला: इतक्या अलीकडे वेगळी मानवजात कशी असेल? चुकीच्या तारखेनं चुकीच्या वादाला असं खतपाणी मिळालं.

त्याच वर्षाअखेर हाडं दुसऱ्या एका प्रयोगशाळेत हलवली गेली आणि २००५ च्या फेब्रुवारीत परत आली. साचे घेताना काहींना इजा झालेली होती. पाठोपाठ गुहेतलं खोदकामही थांबलं. २००७ पर्यंत कुणाला तिथे खुरपं लावता आलं नाही. ही दोन वर्षं मला फार महागात पडलेली वाटतात. शंका फिटण्याची जागा एकच होती, आणि तिथेच जाता येत नव्हतं.

पुन्हा खणलं तेव्हा

२००७ मध्ये काम परत सुरू झालं ते २०१४ पर्यंत चाललं. या वेळी चमूनं नवे सांगाडे शोधण्यापेक्षा मधली जागा खणण्यावर भर दिला. पूर्व भिंतीजवळचे जुने खड्डे आणि गुहेच्या मध्यभागचे खड्डे यांच्यामधली माती उतरवायला घेतली. कंटाळवाणं काम. सापडणारं थोडं, चाळायचं भरपूर. पण एका खड्ड्याची भिंत दुसऱ्याला जोडत जोडत गुहेच्या गाळाचा सलग उभा छेद पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आला.

आणि त्यात एक तिरकी रेघ दिसली.

ओढ्याकाठची दरड आठवा. पावसाळ्यात पाणी जुनी माती खरवडून नेतं आणि मध्येच एखादा मातीचा बुंधा उभा राहतो. पुढच्या वर्षी त्याच ओढ्यात नवा गाळ येतो आणि त्या बुंध्याला टेकून भरत जातो. आता तिथे आडवी कुदळ मारली तर एकाच खोलीवर अर्धी माती जुनी आणि अर्धी नवी निघेल. लिआंग बुआत हेच झालं होतं. जुन्या गाळाचा मोठा भाग कधीतरी खरवडला गेला होता. जो बुंधा उरला त्याचा माथा गुहेच्या तोंडाकडे तीव्र उतारानं झुकलेला होता. त्या उतारावर, त्याला टेकून, २०,००० वर्षांहून अलीकडचा गाळ साचला. सांगाडा जुन्या बुंध्यात होता. कोळसा नव्या गाळातला होता. दोघांमध्ये ती तिरकी रेघ होती, पण दोन मीटरच्या चौकोनात ती ओळखू आली नव्हती.

मी विद्यार्थ्यांना हे फळ्यावर काढून दाखवतो तेव्हा आधी फक्त एक चौकोन काढतो आणि विचारतो, थर किती आहेत. सगळे आडव्या रेघा मोजतात. मग शेजारचे चार चौकोन काढतो. तेव्हा कुठे कुणाचं तरी बोट तिरक्या रेघेवर जातं.

आता थेट हाडाचं वय काढायची वेळ आली होती. मधल्या काळात लेसरनं अगदी सूक्ष्म नमुना घेऊन युरेनियम मोजायची सोय झाली होती, त्यामुळे हाड फारसं न दुखावता काम होणार होतं. गाडलेलं हाड भोवतालच्या पाण्यातून युरेनियम शोषून घेतं आणि त्या युरेनियमचं ठरावीक गतीनं थोरियम होत जातं. हाडानं युरेनियम गाडल्यानंतर घेतलेलं असल्यामुळे हे वय किमान समजायचं, प्रत्यक्ष वय त्याहून जास्तच. जोडीला राखेचे थर आणि नव्यानं केलेलं ल्युमिनेसन्स होतं.

२०१६ मध्ये, पुन्हा ‘नेचर’मध्येच, थॉमस सुतिक्ना आणि सहकाऱ्यांनी सुधारलेलं वय जाहीर केलं. होमो फ्लोरेसिएन्सिसची हाडं आणि ती असलेले थर सुमारे १,००,००० ते ६०,००० वर्षांपूर्वीचे, आणि त्यांची दगडी हत्यारं सुमारे १,९०,००० ते ५०,००० वर्षांपूर्वीची. मॉरवूड तेव्हा हयात नव्हते, २०१३ मध्येच ते गेले होते. पण २००३ मध्ये त्यांच्यासोबत खड्ड्यात उतरलेले सुतिक्ना या निबंधाचे पहिले लेखक होते. आपल्याच गाजलेल्या आकड्यावर आपणच काट मारायला मोठं मन लागतं.

हवामान आता कुठे जुळतं

वय बदललं तसा हवामानाचा प्रश्न नव्यानं विचारावा लागला. १८,००० वर्षं धरली तर ही माणसं शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्यानंतर लगेचच्या काळात येत होती. सगळी तुलना त्या काळाशी चालली होती. आता ती ६०,००० वर्षांपलीकडे सरकली, आणि त्या काळचा फ्लोरेसचा पाऊस शोधायची गरज पडली.

तो पाऊस जवळच्याच लिआंग लुआर या दुसऱ्या गुहेत साठलेला होता. लवणस्तंभ वर्षानुवर्षं थेंबाथेंबानं वाढतो, आणि पाण्यासोबत आलेलं युरेनियम त्यात अडकतं. थोरियम पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून सुरुवातीला ते नसतंच. नंतर जे दिसतं ते युरेनियमपासून झालेलं. त्यामुळे प्रत्येक पापुद्र्याचं वय काढता येतं. त्याच पापुद्र्यात ऑक्सिजनचं जड समस्थानिक, म्हणजे ऑक्सिजनच्याच अणूचं जास्त वजनाचं रूप, किती आहे यावरून पावसाचा अंदाज येतो. उष्ण कटिबंधात पाऊस भरपूर असेल तर जड ऑक्सिजनचं प्रमाण घटतं. मॅग्नेशियमही बोलतं: दुष्काळात पाणी खडकातच रेंगाळतं, वाटेतच चुना टाकून मोकळं होतं आणि स्तंभापर्यंत पोहोचताना त्यात कॅल्शियमच्या तुलनेत मॅग्नेशियम वाढलेलं असतं. भारतीय वाचकाला ही पद्धत परकी नाही. मेघालयातल्या मावम्लूह गुहेतल्या लवणस्तंभावरूनच ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूवैज्ञानिक कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळालं.

लिआंग लुआरच्या स्तंभानं दाखवलं की सुमारे ७६,००० ते ६१,००० वर्षांपूर्वीच्या काळात फ्लोरेसचा पाऊस घटत गेला आणि त्यानंतर उन्हाळी पाऊस (दक्षिण गोलार्धातला उन्हाळा, म्हणजे तिथला पावसाळाच) फारच रोडावला. लिआंग बुआत सापडणाऱ्या स्टेगोडॉन या हत्तीसारख्या बुटक्या प्राण्याच्या दातांतला ऑक्सिजन या नोंदीशी ताडून पाहिला गेला. हा प्राणी नदीच्या पाण्यावर जगायचा, आणि ही माणसं त्याची पिल्लं मारून खायची. पाणी आटलं तसा स्टेगोडॉन कमी झाला, आणि त्यावर जगणारी माणसंही गुहेतून दिसेनाशी झाली. चित्र सुसंगत आहे.

पण उंदीर थोडं वेगळं सांगतात. लिआंग बुआत निघालेल्या प्राण्यांच्या हाडांत सर्वाधिक वाटा उंदरांचा आहे. सुमारे ६०,००० वर्षांपूर्वी त्यांच्यात झटक्यात बदल झाला. मोकळ्या गवताळ रानात राहणारे मध्यम आकाराचे उंदीर घटले आणि दाट झाडीतले लहान उंदीर वाढले. याच सुमारास स्टेगोडॉन, महाकाय करकोचा, गिधाड आणि कोमोडो ड्रॅगन गुहेच्या गाळातून नाहीसे झाले. पाऊस घटताना गुहेभोवती झाडी वाढली की कमी झाली? उन्हाळी पाऊस कमी होऊनही नदीकाठ हिरवा राहू शकतो, किंवा चरणारा स्टेगोडॉन गेल्यावर गवताच्या जागी झुडपं वर येऊ शकतात. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. पण हे दोन पुरावे एकमेकांसमोर उभे आहेत आणि त्यांना एकाच गोष्टीत कोंबायची घाई करू नये. १८,००० च्या आकड्याबाबत दोन पद्धती जुळल्या म्हणूनच सगळे निर्धास्त झाले होते.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी भिंत. सांगाडा सापडल्यावर चमूचं सगळं लक्ष त्या सांगाड्यावर गेलं, ते माणूस म्हणून स्वाभाविकच होतं. पण हाड उचलायच्या आधी आणि नंतर खड्ड्याच्या चारही भिंती घासून, ओल्या करून, कडेकडेनं माती चिमटीत घेऊन पाहायला हवी होती. जुना आणि नवा गाळ रंगानं फारसा वेगळा नसतो. बोटांना मात्र फरक कळू शकतो, एक रवाळ लागतो, एक चिकट. दहा सेंटिमीटरची माती मोजून आडवी उतरवण्याची पद्धत शिस्तीची खरी, पण थर तिरका असेल तर ती दोन काळांची माती एकाच पोत्यात भरते. आज शक्य तिथे थराच्या कलानं खणलं जातं. त्यामुळे काम सावकाश होतं, आणि ते सावकाशच व्हायला हवं.

दुसरं, दोन पद्धती जुळल्या की त्या खरंच स्वतंत्र आहेत का हे विचारायला हवं होतं. दोन साक्षीदार एकाच चुकीच्या जागी उभे असतील तर त्यांची एकवाक्यता काहीच सिद्ध करत नाही. सांगाड्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक दिशेला नमुना घेतला असता तर आकडे आपोआप विसंगत निघाले असते, आणि त्या विसंगतीनं तिरकी रेघ तेव्हाच दाखवली असती.

तिसऱ्या बाबतीत मला चमूला दोष द्यावासा वाटत नाही. २००४ मध्ये त्यांनी थांबायला हवं होतं का? आणखी तीन वर्षं थांबले असते तर दरम्यान खोदकामच बंद पडलं, म्हणजे कदाचित काहीच छापलं गेलं नसतं. मानवजात नवी आहे हा त्यांचा मुख्य निष्कर्ष वयावर अवलंबून नव्हता आणि तो टिकला. पुढे त्याच बेटावरच्या सोआ खोऱ्यात माता मेंगे इथे सुमारे ७,००,००० वर्षांपूर्वीचा, याहूनही लहान जबडा आणि दात सापडले. तेव्हा आजारी माणसाचा युक्तिवाद उरलाच नाही. वय ‘किमान’ किंवा ‘तात्पुरतं’ म्हणून मांडलं असतं तर मात्र बरं झालं असतं.

चौथं, माती राखून ठेवणं. लिआंग बुआची चूक दुरुस्त होऊ शकली ती मधली जागा न खणता शिल्लक होती म्हणून. आपल्याकडे कुर्नूलजवळच्या बिल्ला सुरगम गुहांमध्ये १८८४-८५ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनी खणलं होतं. तिथेही गाळ शिल्लक होता, म्हणूनच शंभरहून जास्त वर्षांनी नव्या तंत्रानं त्याचं वय काढता आलं. त्यातून कळलं की गेल्या २,००,००० वर्षांतल्या, तिथे ओळखल्या गेलेल्या २१ सस्तन प्राण्यांपैकी २० आजही कुठे ना कुठे टिकून आहेत. सगळीच माती उपसली असती तर हे कधीच कळलं नसतं. म्हणून कोकणात किंवा इतरत्र कुठेही नैसर्गिक गुहा सापडली तर तिचा मोठा हिस्सा न खणता सोडावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

लिआंग बुआतली एक गाठ अजून सुटलेली नाही. हाडं ६०,००० वर्षांवर थांबतात आणि दगडी हत्यारं ५०,००० पर्यंत चालू राहतात. त्यानंतर सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीपासून हत्यारांसाठी निवडलेला दगडच बदलतो, टफ या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाऐवजी चर्ट हा गारगोटीसारखा कठीण दगड वाढतो, आणि ती खूण आधुनिक माणसाची मानली जाते. मधल्या दहा हजार वर्षांत ती हत्यारं कुणाच्या हातात होती, हे सांगणारं एकही हाड अजून वर आलेलं नाही. असं हाड असलंच तर ते गुहेच्या न खणलेल्या भागात असेल.